सतराबाईचे डॉक्टर शेवडे

आमच्या कारखान्याच्या गेटबाहेर एक उंच, सडसडीत, चष्मेवाला माणूस रोज सकाळी उकिडवा बसून स्टीलच्या ताटातल्या पाण्याकडे बघत असतो, ही बातमी मला आमच्या वॉचमन खंडूआबांनी दिली. आबा चाकणजवळच्याच गावचे. कारखाना उभा आहे त्या जागी त्यांच्या लहानपणी भुईमुगाचं शेत होतं, त्यामुळे गेटवर कोणी बसायचं आणि कोणी नाही हा त्यांना घरचा प्रश्न वाटतो. "यडं न्हाई साहेब, चांगलं शिकल्यालं दिसतंय," आबा म्हणाले, "पर ताटात पानी घेतंय, रस्त्यावर ठिवतंय अन् बघत बसतंय. म्या इचारलं, काय दिसतंय? तर म्हनलं, तुमचा हॅमर दिसतोय."

मी फोर्जिंग शॉपचा प्रॉडक्शन इन्चार्ज. लालबुंद लोखंड हॅमरखाली धरायचं, वरून टनावारी वजनाचा ठोकळा आपटायचा आणि गाडीच्या एखाद्या भागाचा आकार बाहेर काढायचा, हे आमचं काम. हॅमर पडला की समोरच्या टपरीवरचे चहाचे ग्लास किणकिणतात, हे मला माहीत होतं. पण तो बघायला कोणी ताट घेऊन येतो हे नवीन होतं. मी बाहेर गेलो. आत हॅमर पडला आणि ताटातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. तो माणूस न उठताच म्हणाला, "नमस्कार. मी शेवडे. तुमच्या मागची इमारत आमची. तुमच्या प्रत्येक ठोक्याला आमची एक आई दचकते."

असं बोलून झाल्यावर ते पुन्हा पाण्याकडे बघू लागले. एवढ्यावर मला सगळं समजलं असणार, अशी त्यांची खात्री होती. डॉक्टर शेवड्यांची ही पहिली सवय. ते संभाषण मधूनच सुरू करतात आणि आधीचं अर्धं आपण मनाने भरून घ्यायचं असतं.

मग हळूहळू उलगडा झाला. आमच्या मागच्या प्लॉटवर एक संशोधन करणारी कंपनी नुकतीच पुण्यातून इकडे हलली होती. तिथे उंदीर पाळतात. पांढरे, काळे, बदामी, आपल्या तळहातावर मावतील असे. डॉक्टर त्या उंदरांचे सर्वेसर्वा. उंदराची मादी बाळंत झाली की पहिले काही दिवस तिला धक्का, आवाज, अनोळखी वास काही म्हणजे काही चालत नाही. घाबरली तर ती पिल्लांकडे पाठ फिरवते, कधी खाऊनही टाकते. पिंजऱ्यांखाली रबराचे पट्टे घालून झाले होते, पण आमच्या हॅमरपुढे रबराचं काही चालेना. धक्के शोषणारे खास रॅक हेड ऑफिसने पुढच्या वर्षावर टाकले होते. कंपन मोजायचं यंत्र मागवलं होतं तेही आलं नव्हतं, म्हणून तोवर ताट.

"यंत्र आलं तरी ते आकडा देणार," डॉक्टर म्हणाले. "ताट चित्र देतं."

त्यांनी माझ्याकडे येण्याआधी एक चूक केली होती आणि ती आमच्या पट्ट्यात नवा आलेला माणूसच करू शकतो. हॅमर बंद असेल त्या दिवशी पिल्लं जन्मावीत म्हणून त्यांनी नर-मादीची जोडी हिशेब करून लावली आणि बाळंतपण नेमकं रविवारी आणलं. पुण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला रविवार म्हणजे सुट्टी. आमच्या पट्ट्याची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी आमचा हॅमर दिवाळीतल्या सुतळी बॉम्बसारखा वाजत असतो. पिल्लं रविवारी सकाळी जन्मली आणि दुपारपर्यंत एकही उरलं नाही. डॉक्टर हे सांगताना चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "आम्ही कॅलेंडर बघितलं जाधव, गाव नाही बघितलं."

मला तो माणूस आवडला. मी त्यांना आत कँटीनमध्ये नेलं. त्या दिवसापासून दुपारचा चहा ते आमच्याकडेच घेऊ लागले. लग्न केलेलं नव्हतं. का, असं कोणी विचारलं की "राहून गेलं" म्हणत, जसं आपण बँकेतलं एखादं काम राहून गेलं म्हणतो. आई होती तोवर आईजवळ राहत होते. आता चिंचवडला एका फ्लॅटमध्ये एकटे, आणि जेवायला खानावळ. या सगळ्याबद्दल त्यांना बोलण्यासारखं काही वाटत नसे. बोलण्यासारखी त्यांच्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती ते कोणालाही ऐकवत.

"तुमच्या टाचेच्या कातडीत," ते समोरच्याला म्हणत, "आईचं दूध तयार करायला लावणाऱ्या हॉर्मोनची कृती लिहिलेली आहे. कानाच्या पाळीत आहे. पापणीत आहे. अंगातल्या पेशीपेशीत तेच पुस्तक, पानन् पान तेच. पण ते पान उघडून वाचतं कोण? मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, मुख्यतः ती. बाकी सगळे गप्प. आता मला सांगा, टाचेला गप्प राहा म्हणून कोण सांगतं?"

टाचेला कोण सांगतं हे आमच्या कँटीनमध्ये कोणालाच माहीत नसे. मग डॉक्टर बशीत चहा ओतून त्यांचं ठरलेलं वाक्य टाकत, "असतं सगळीकडे, बोलतं एकाच ठिकाणी."

हे वाक्य ते कशालाही लावत. खंडूआबांचा रुबाब गेटपुरता होता. घरी त्यांना सुनेने उठ म्हटलं की उठावं लागे, बस म्हटलं की बसावं लागे. डॉक्टर म्हणाले, बघा, रुबाब आबांच्या अंगात सगळीकडे आहे, बोलतो फक्त गेटवर. माझा राग शॉपमध्ये बोलतो आणि घरी चिडीचूप असतो, हे निदान त्यांनी पहिल्याच आठवड्यात केलं. मी ते कौतुकाने बायकोला सांगितलं. मंगल म्हणाली, तुमच्या डॉक्टरांना म्हणावं एकदा सकाळी इस्त्रीचा शर्ट सापडत नसताना या. आमचे हॅमर चालवणारे इस्माईलभाई मुळात कमी बोलणारे, मशीनच्या आवाजात आयुष्य गेलेले. त्यांना डॉक्टर म्हणाले, तुमचं बोलणं तुमच्या हाताच्या तळव्यात आहे. इस्माईलभाईंनी तळवे उलटेसुलटे करून पाहिले आणि पुन्हा कामाला लागले. पण त्यांना ते लागू पडलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांचा चहा तेच पुढे सरकवू लागले.

त्यांचं खरं काम मला समजलं ते असं. त्या हॉर्मोनच्या कृतीच्या आधी मजकुराची एक पट्टी असते. हे पान कुठे उघडायचं आणि कुठे मिटून ठेवायचं, हे ती ठरवते असा डॉक्टरांचा कयास. म्हणून त्यांनी ती पट्टी कापून घेतली, तिच्यापुढे निळा रंग आणणाऱ्या एका वेगळ्याच जीवाच्या कृतीचा तुकडा जोडला आणि हे जोडकाम उंदराच्या नुकत्या फळलेल्या अंड्यात सोडलं. उंदीर जन्माला आला की ती पट्टी त्याच्या अंगात सगळीकडे. जिथे पट्टी "बोल" म्हणेल तिथे तपासताना निळा रंग उतरणार.

पण जोडकाम अंड्यात सोडलं की ते कुठे जाऊन चिकटेल यावर आपला ताबा नाही. चुकीच्या शेजारी जाऊन बसलं की भलतीकडेच बोलू लागतं. एका कुळात निळा रंग मूत्रपिंडात आला. एका कुळात शेपटीच्या कातडीत आला. काही कुळं ठार मुकी. प्रत्येक कुळाला नंबर होता, आणि त्यातल्या फक्त सतरा नंबरच्या कुळात तो निळा रंग जिथे यायला हवा तिथेच, उंदराच्या मेंदूखालच्या राजगिऱ्याएवढ्या ग्रंथीत उतरला होता. डॉक्टर त्याचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन फिरत. लोक नातवंडांचे दाखवतात तसा ते दाखवत. करड्या ठिपक्यावर एक निळा ठिपका. इस्माईलभाईंनी तो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "इतकुसाच?" डॉक्टर म्हणाले, "इतकुसाच. तिथेच. आणखी कुठेही नाही."

आता पुढची पायरी होती. पिल्लं अंगावर पीत असताना हा निळा रंग वाढतो का? वाढला तर ती पट्टी जागा ओळखते आणि वेळही ओळखते, असं म्हणता येणार. उद्या कोणाच्या त्या ग्रंथीवर उपचार करायचे झाले तर औषध तिथेच बोलेल आणि बाकी अंगात गप्प राहील, असं काही करता येईल, अशी त्यांची आशा. पण त्यासाठी आई हवी, जगलेली पिल्लं हवीत. आणि सतरा नंबरच्या कुळात पिल्लं होण्याच्या वयाची एकच मादी उरली होती. रविवारी जिची पिल्लं गेली तीच ही. कुळाचं बीज गोठवून ठेवायची सोय या नव्या जागेत अजून आली नव्हती. हिचं वय उलटायच्या आत एखादं तरी बाळंतपण पार पडलं नाही की सतरा नंबर संपला, आणि सात वर्षांचं काम तिच्याबरोबर संपलं.

आमच्या शॉपमध्ये तिला कोणी नंबराने हाक मारेना. खंडूआबांनी तिचं नाव सतराबाई ठेवलं आणि तेच रूढ झालं.

डॉक्टरांनी एकदा गुरुवार साधून बघितला. सतराबाई बाळंत झाली शुक्रवारी दुपारी, हॅमर भरात असताना. चारही पिल्लं गेली. त्यानंतर दोन दिवस डॉक्टर चहाला आले नाहीत, आणि शॉपमध्ये जो तो मला विचारू लागला की उंदीरडॉक्टर कुठे आहेत. मला स्वतःलाही चैन पडेना. हॅमर आपला, ठोके आपले, आणि त्यापायी त्या भल्या माणसाचं काम मातीत जातंय हे मनाला टोचत होतं. तिसऱ्या दिवशी ते आले ते हातात आमच्याच कंपनीचं कॅलेंडर घेऊन. गेटवरच्या केबिनमधलं आबांचं कॅलेंडर त्यांनी खिळ्यासकट आणलं होतं.

"जाधव, खंडेनवमीला तुम्ही हॅमर कधी थांबवता?"

मी म्हटलं, दुपारी. शॉप धुऊन काढायचं, मशीनची पूजा करायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी दसरा. आणि त्या वर्षी दसऱ्याला लागूनच गुरुवार आला होता. आमच्या पट्ट्यात इतकी सलग शांतता दिवाळी सोडली तर मिळत नाही. डॉक्टरांनी त्या तीन चौकटींवर बोट फिरवलं आणि उलटं मोजत मोजत मागे गेले. उंदराचे दिवस भरतात ते जेमतेम तीन आठवड्यांत. त्यांचं बोट जिथे थांबलं तिथे आबांनी वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"डाक्टर, ह्यो पितृपंधरवडा हाय," आबा म्हणाले. "पित्रात लगीन लावत्यात व्हय?"

डॉक्टरांनी समजावलं की हे लग्न नाही, जोडी लावणं आहे. आबांच्या मते त्यात काही फरक नव्हता. डॉक्टर म्हणाले, उंदरांना पितृपक्ष नसतो. आबा म्हणाले, त्येंच्यात काय मेल्यालं न्हाईत का? हा मुद्दा डॉक्टरांना गंभीरपणे घ्यावासा वाटला. शेवटी आबांनीच तोड काढली. त्यांच्या घरी वडिलांचं पित्र होतं त्या दिवशी त्यांनी खिरीची एक वाटी डॉक्टरांना आणून दिली आणि सतराबाईच्या गेलेल्या पिल्लांच्या नावाने खा म्हणाले. डॉक्टरांनी ती उभ्या उभ्या, मान खाली घालून खाल्ली. मग जोडी लागली.

खंडेनवमीला डॉक्टर आमच्याकडे पूजेला आले. झेंडूची माळ हॅमरला इस्माईलभाई घालतात, ही आमच्याकडची जुनी रीत. तो हॅमर त्यांच्याइतका कोणी ओळखत नाही, मग माळही त्यांनीच घालायची. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, मोटर बंद झाली आणि शॉपमध्ये ती शांतता उतरली जी आम्ही सगळे आत असताना वर्षातून दोनदाच ऐकू येते. डॉक्टरांनी डोळे मिटून हात जोडले. बंद हॅमरला इतक्या मनापासून नमस्कार करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

दसऱ्याला मी आपट्याची पानं द्यायच्या निमित्ताने त्यांना फोन केला. अजून काही नाही, म्हणाले. गुरुवारी दुपारी केला, अजून काही नाही. संध्याकाळी मी केला नाही. त्यांचा आवाज मला ऐकवला नसता.

शुक्रवारी पहिली शिफ्ट सातची. मी पोचलो तेव्हा डॉक्टर गेटवर उभे होते. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच. आबा त्यांच्या शेजारी उभे. मी विचारायच्या आत डॉक्टर म्हणाले, "पहाटे बाळंत झाली. सात."

पुढे त्यांनी काही मागितलं नाही. थांबवा असं म्हणाले नाहीत. एरवी टाचेपासून पापणीपर्यंत बोलणारा माणूस नुसता हॅमरच्या छपराकडे बघत उभा होता. मला त्यांचा रागही आला. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं. दसऱ्याआधी आम्ही माल पुढचा करून ठेवला होता हे खरं, पण हॅमर बंद ठेवायचा म्हणजे मालकांना काय सांगायचं?

शॉपमध्ये गेलो तर इस्माईलभाई हॅमरच्या वर, सिलिंडरपाशी पाना घेऊन चढलेले.

"पॅकिंग गळतंय साहेब," ते वरूनच म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत बदलायचं ठरलंय ना? तर आत्ताच खोलतो. खोललं की मग तीन-चार दिवस काय चालू होत नाही."

सिलिंडरमधली हवा अडवून धरणारं ते पॅकिंग गळत होतं ही गोष्ट खरी होती. ते उन्हाळ्यापासून गळत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी खालून म्हटलं, खोला.

मग मालकांना फोन लावला. हॅमर मेंटेनन्सला घेतलाय, दिवाळीचं काम आताच उरकतो, दिवाळीत त्याऐवजी चालवू, माल अडत नाही, असं सगळं एका दमात सांगितलं.

"पॅकिंग की उंदीर?" मालकांनी विचारलं.

शॉपमधली गोष्ट मालकांपर्यंत पोचायला आमच्याकडे फोन लागत नाही. मी म्हटलं, दोन्ही. ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या नोकरीचा, अकलेचा आणि माझ्या गावच्या, लातूरच्या मातीचा त्यात उल्लेख होता. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "किती झाली?" मी सांगितलं, सात. "मग सोमवारी बघू," ते म्हणाले.

सातच्या सात जगली. सोमवारी संध्याकाळी हॅमर पुन्हा पडला तोवर सतराबाई रुळली होती. पहिल्या ठोक्याला तिने कान टवकारले आणि पिल्लांवर तशीच बसून राहिली. मला हे डॉक्टरांनी काचेच्या खिडकीतून दाखवलं. आत जायचं तर आंघोळ करून, डोक्यापासून पायापर्यंत झाकून जावं लागतं, आणि तेवढं मी कोणाच्याच बारशाला करत नाही. खिडकीपाशी उभं असताना मला राहवलं नाही. मी विचारलं, एवढं जपायचं, आणि शेवटी निळा रंग बघायला यातल्या काहींना मारायचंच ना?

"हो," डॉक्टर म्हणाले. "ते मी स्वतः करतो, हाताखालच्या पोरांना करू देत नाही. हिला मात्र ठेवणार. ही कुळाची आई." मग काचेवरचा माझ्या बोटाचा डाग रुमालाने पुसत म्हणाले, "मला वाईट वाटत नाही असं नाही. पण म्हणूनच आहेत तितके दिवस नीट जायला हवेत. आणि घाबरलेल्या आईत मी काय बघणार? तिच्यात मला भीती दिसेल, दूध नाही दिसणार."

त्याच आठवड्यात ते पेढे घेऊन चिखलीला आमच्या घरी आले. आमची सायली तेव्हा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती, दिवाळीच्या पुढे-मागे तारीख. मंगलने कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या एखाद्या माणसाने म्हटलं असतं, वा, काळजी घे बाळ. डॉक्टरांनी विचारलं, "झोपायची खोली कुठली?" सायलीने दाखवली. ते उठून सरळ खिडकीशी गेले. आमच्या शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठतोय. पायाचा कातळ फोडायला पोकलेनला ब्रेकर लावलेला, तो सकाळपासून दिवे लागेपर्यंत धडधडत असतो. "हे दिवसभर चालतं?" त्यांनी विचारलं. दिवसभर, मी म्हटलं. ते परत येऊन बसले आणि उरलेला वेळ सतराबाईच्या धाकट्या पिल्लाचं वजन कसं मागे पडलंय हे सांगत राहिले.

ते गेल्यावर मंगल जी तापली ती तापलीच. पोटुशी पोर समोर बसलीये, तिला एका शब्दाने विचारलं नाही, उंदरांची वजनं सांगतोय. मी बाजू घ्यायला गेलो तर माझाही उद्धार झाला. डॉक्टरांची माया फक्त पिंजऱ्यात बोलते, असं मी विनोदाने म्हटलं, पण मनातून मलाही थोडं लागलंच होतं.

दिवाळीनंतर सायलीला मुलगी झाली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, छान, आणि नंतर विचारलं, दवाखान्यातून घरी कधी येणार? बारशाचं बोलावणं केलं, तर आले नाहीत. त्या दिवशी सतराबाईच्या लेकींचं काहीतरी होतं. मंगलने त्यांच्या नावाचा विषय घरात बंद केला.

सायली सव्वा महिना राहिली. दिवस सुखाचे गेले. पोरगी रात्री रडे आणि दुपारी झोपे, तिच्याबरोबर सायलीही झोपे. दुपारी ब्रेकर बंद असायचा म्हणून बरं, असं मंगल एक-दोनदा म्हणाली. सगळे जेवायला जात असतील, मी म्हटलं. तिकडे डॉक्टरांचं कामही मार्गी लागलं. पिल्लं अंगावर पीत असलेल्या सतराबाईच्या लेकींमध्ये तो निळा ठिपका गडद झाला होता आणि बाकी अंग कोरं होतं. त्यांनी आम्हाला दोन फोटो शेजारी शेजारी धरून दाखवले. फरक इस्माईलभाईंनी आधी ओळखला.

सायली ताथवड्याला सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी घरी होतो. रिकामी खोली, दोरीवरून उतरवलेली दुपटी, आणि जेवून जरा आडवा होतो तोच खिडकीबाहेर ब्रेकर धडधडायला लागला. भर दुपारी. इतके दिवस गप्प असलेलं हे आजच कसं सुरू झालं म्हणून मी चप्पल घालून खाली उतरलो.

साइटचा मुकादम आमच्याच मराठवाड्याचा निघाला. मी विचारलं, दुपारी तर बंद असतं ना तुमचं?

"त्ये त्या डॉक्टरांमुळं हो," तो म्हणाला. "उंच, चष्मेवाले. पहिल्यांदा आले तवा मी हाकलूनच दिलतं. दुसऱ्या दिवशी परत आले. रोज यायचे, त्या दगडावर बसायचे, काई बोलायचे न्हाईत. शेवटी आमच्या साहेबांनी विचारलं, बाबा, तुमाला पायजे तरी काय? तर म्हनले, दुपारचे तीन तास मशीन बंद ठेवा. माझी मुलगी बाळंत झालीये." त्याने हात वर करून आमच्या तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवली. "तिथं. मंग आमी सकाळी लवकर चालू करायचं ठरिवलं. काल येऊन सांगून गेले, मुलगी सासरी गेली, आता चालवा म्हनून."

मी त्या खिडकीकडे बघत राहिलो. मुकादमाला वाटलं, मला पटलेलं नाही.

"खोटं बोलले का साहेब? तुमी वळखता त्यांना?"

"ओळखतो," मी म्हटलं. "त्यांचीच मुलगी आहे."

वर आलो. मंगल खोलीतली गादी गुंडाळत होती. खाली जे ऐकलं ते तिला जसंच्या तसं सांगितलं. तिने गादी अर्धवट गुंडाळलेली तशीच सोडली. मग खिडकी लावून घेतली, डोळे पुसले आणि म्हणाली, "या रविवारी सायलीला आणि बाळाला बोलावून घ्या. डॉक्टरांनाही सांगा. म्हणावं, बाळाला मांडीवर घ्यायला आजोबा लागतात."